कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत

माझी आई सरजाबाई हिनं आयुष्यात एक अख्खी भाषा तयार केली आणि पुढं स्वतःच तिचा गळा दाबला. हे वाचून कुणाला ती मोठी विदुषी वाटायची, म्हणून आधीच सांगून टाकते: तिला सहीपुरती अक्षरं येत होती, त्यापलीकडं काही नाही. मुखेडजवळच्या आमच्या वाडीतून ती रोजानं खुरपायला जायची. तोंडानं फटकळ, रागानं तिखट, आणि पोरांना धपाटे घालण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. तिला जाऊन वर्ष होईल आता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. पण माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि आता तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

घरात आम्ही चौघं. वडील रामकिशन पंचायत समितीत शिपाई. दिवसभर साहेब लोकांचं ऐकून घरी आले की तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. मी धम्मप्रिया, थोरली. आणि सुगत, माझा धाकटा भाऊ, जन्मापासून बहिरा. ते आम्हाला कळलं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत. हलगी अगदी आमच्या दारात येऊन कडाडली, गल्लीतली सगळी लेकरं दचकून रडायला लागली आणि हा पाळण्यात आपला अंगठा चोखत निवांत. आईनं त्याच्या कानापाशी ताट वाजवलं, पातेलं वाजवलं, शेवटी स्वतः ओरडली. मग ती घरात जाऊन बसली आणि मिरवणूक पुढं निघून गेली.

नांदेडच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. धोंडाबाई आत्या म्हणाली, "मुकं लेकरू हाय, सांभाळायचं आन् गप बसायचं." आई गप बसणाऱ्यातली नव्हती. लेकरू बोलत नाही म्हणजे त्याला सांगायला काही नाही, हे तिला पटेना.

आई त्याला शेतात सोबत न्यायची. आमची जमीन नाही; अण्णारावांच्या शेतात काम असायचं. खुरपणीच्या रांगेत ती त्याला पुढ्यात बसवायची. एका हातात खुरपं, म्हणून बोलायला एकच हात उरायचा. ये, जा, उपट, टाक, पाणी, ऊन, भाकरी, या खुणा कुठल्याही आईला सुचतात. अडचण आली ती पुढं. सुगतला उपटायचं कळलं आणि त्यानं गवताबरोबर सोयाबीनची रोपंही उपटून आईपुढं ढीग घातला. अण्णारावांनी बांधावरून बघितलं आणि जे बोलायचं ते बोलले. काय करायचं हे पोराला सांगता येत होतं. कसं करायचं हे सांगता येत नव्हतं.

तेव्हा आईनं मांजर काढलं. म्हणजे गालावर बोटांनी मिश्या काढल्या, आमच्या घरातली मांजर पिलाला मानेला धरून उचलते तसं दोन बोटांत गवत धरलं, आणि मग सुगतच्या मनगटावर आपला तळवा ठेवून थोडा वर फिरवला. मांजरासारखं. सुगत तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं दोन बोटांनी एक काडी गवत उपटलं, शेजारच्या रोपाला धक्काही न लावता. आई तिथंच खुरपं टाकून हसायला लागली.

तिथून त्या दोघांना नादच लागला. आधी कुठल्याही माणसाची नाहीतर वस्तूची खूण करायची आणि मग मनगटावरून तळवा फिरवायचा; झाला त्याचा 'कसं' तयार. एस.टी.चं चाक फिरवून तळवा फिरवला की उशिरा. वडिलांची टोपी दाखवून फिरवला की गुपचूप. आत्याची खूण म्हणजे वासलेलं तोंड, आणि त्यावरून फिरवला की गरजेपेक्षा मोठं, उगाचच. ऐकू न येणाऱ्या पोराला आत्याचा आवाज डोळ्यांनी कळला होता. माझी खूण फुगवलेला गाल, आणि माझ्यावरून फिरवला की रुसून. आमच्या घरात 'रुसून जेव' असं म्हणायचं झालं तर धम्मप्रियासारखं जेव असं म्हणत. भावाच्या भाषेत मला जागा मिळाली ती ही.

सातवीत बाईंनी क्रियाविशेषण शिकवलं तेव्हा मी धावत घरी आले आणि आईला सांगितलं, "माय, तू मनगटावर हात फिरवतीस ना, त्याला क्रियाविशेषण म्हंतेत."

"म्हणू दे," आई म्हणाली. "भाकरी थाप."

तुलनाही होती त्यांच्यात. साधं असेल तर तळवा मनगटावर. जास्त असेल तर कोपरापर्यंत. त्याहून जास्त असूच शकत नाही असं असेल तर थेट खांद्यापर्यंत. आणि दोघांची तुलना करायची तर ज्याचं त्याच्याच हातावर करायची, दुसऱ्याच्या हातावर चालत नसे. मी आणि सुगत खुरपत असलो की संध्याकाळी आई आमच्या दोघांचे हात पुढं घ्यायची. मांजराच्या मिश्या काढायची, माझ्या हातावर मनगटापाशी थांबायची आणि सुगतच्या हातावर खांद्यापर्यंत जायची. माझ्या वाट्याला कायम मनगट. मी आज मुखेडला ब्लाउज शिवते, दिवसभर बायकांच्या बाह्यांची मापं घेते. टेप मनगटापासून खांद्याकडं नेताना अजूनही मी मनगटापाशी अडते.

सगळ्यात मोठी खूण होती वासराची. अण्णारावांनी गाय विकली आणि वासरू ठेवून घेतलं. ते वासरू कितीतरी दिवस फाटकाकडं मान ताणून उभं असायचं. सुगतला त्याचं हंबरणं ऐकू आलं नाही, पण ताणलेली मान त्यानं पाहिली. त्यानं घरी येऊन आईपुढं हनुवटी वर करून मान ताणली आणि स्वतःच्या हातावर तळवा फिरवला. वासरासारखं. ती खूण त्याची, आईची नव्हे. पण आईनं ती लगेच उचलली.

त्यानंतर कधी आई एखाद्या लग्नाला मुरुडला जाऊन दोन दिवसांनी परत आली, की सुगत दारातच हात पुढं करून उभा राहायचा. आई पिशवी खाली ठेवायची, मान ताणायची आणि त्याच्या हातावर कोपरापर्यंत तळवा न्यायची. मग आपल्या हातावर खांद्यापर्यंत. तू आठवण काढलीस, मी जास्त काढली. सुगतला ते मान्य नसायचं. तो तिचा तळवा ओढून आपल्या खांद्यावर न्यायचा, ती खाली ढकलायची, हा वर ओढायचा. दोघांची दारातच झोंबाझोंबी चालायची. मी आत चुलीपाशी धूर खात असायचे. मला कुणी विचारायचं नाही की तू किती आठवण काढलीस.

सुगत दहा वर्षांचा झाला तेव्हा कुणीतरी वडिलांना लातूरकडच्या एका निवासी शाळेचं सांगितलं. मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा. आईला आनंद झाला तो मला अजून आठवतो. तिच्या भावाला गावच्या शाळेत मागं, दाराबाहेर बसवत. तो तिसरीत शाळा सोडून ढोरांमागं गेला. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यासमोर आई रोज एकच सांगायची: शिकायचं. आम्ही जेवलो का हे ती विसरली असेल, पण अभ्यास झाला का हे कधी विसरली नाही. शाळा म्हटलं की ती फाटकाबाहेरच चप्पल काढायची. मी लाजून म्हणायचे, "माय, हितं चप्पल काढत न्हाईत." ती म्हणायची, "तुला काय कळतंय."

आज्यानं छप्पन साली देव सोडले. आईनं त्या रिकाम्या कोनाड्यात हेडमास्तर आणून बसवला.

त्या हेडमास्तरांचं नाव भीमाशंकर सर. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावंच लागतं. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी मोकळ्या मनानं दिल्या असत्या. सुगतचं नाव घालायला गेलो तेव्हा शाळेत मुलं रांगेत हात मागं बांधून उभी होती आणि आरशासमोर ओठ हलवत होती. सुगत आईशी हातानं बोलायला लागला तसे सर आले, त्यांनी हळूच त्याचे हात धरून त्याच्या पाठीमागं नेले आणि आईला म्हणाले, "ताई, हे बंद करायचं. हातानं बोलायची सवय लागली की मूल तोंडानं कधी बोलत नाही. तुम्हाला मुलगा बोलायला पाहिजे ना?"

"हाव," आई म्हणाली.

"मग सुट्टीत घरी आला तरी हात हलवायचा नाही. तो कितीही रडू द्या. तुम्ही माया केली तर त्याचं नुकसान होईल."

आईनं मान डोलावली. तिथं तिनं एक प्रश्न विचारला नाही. बाजारात वांग्यावरून भांडणारी बाई. अण्णारावांना तोंडावर सुनावणारी बाई. आत्याला एका वाक्यात गार करणारी बाई. त्या माणसाच्या टेबलावर पुस्तकं होती म्हणून ती गप बसली.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी तिनं आम्हाला दम भरला. वडिलांना म्हणाली, "हात हलवायचा न्हाई." वडील तसेही काही हलवत नव्हते. मला म्हणाली, "हात उचललास तर तोडून टाकीन."

मुखेडच्या बस स्टँडवर आम्ही त्याला आणायला गेलो. शाळेतल्या केरबा नावाच्या पोराची आई दोघांना घेऊन आली होती. केरबा खाली उतरला तो आईशी दोन्ही हातांनी बोलतच, आणि ती बाईही बिनधास्त हात हलवत होती. आमच्या आईनं तिच्याकडं बघून तोंड वाकडं केलं. अडाणी बाई, तिला सरांचं कळलेलं दिसत नाही, असं.

सुगत उडी मारून उतरला आणि पळत आला. आईसमोर थांबला. हात पुढं केला.

आईचे दोन्ही हात पदराखाली होते. तिनं तोंड मोठं उघडलं आणि म्हणाली, "सु... गत. बो...ल."

सुगतनं तिच्या तोंडाकडं बघितलं. त्याला वाटलं असावं की शर्टाच्या बाहीमुळं अडचण होतेय. त्यानं बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि हात पुन्हा पुढं केला. भर उन्हात, लोकांच्या गर्दीत, तो उघडा हात तसाच. आई पुन्हा म्हणाली, "बो...ल. मा...य म्हण." तिच्या पदराच्या आत काहीतरी हललं, ते मी पाहिलं. ती आतल्या आत आपलेच हात एकमेकांत आवळून धरत होती. सुगतनं माझ्याकडं पाहिलं, मग परत तिच्याकडं. हात खाली घ्यायला त्यानं लई वेळ लावला.

ती अख्खी सुट्टी असंच चाललं. सुरुवातीला तो रडला, मग त्यानं भांडी फेकली, मग तिचा पदर ओढून हात बाहेर काढायला बघितले. ओढाओढीत तिचं मनगट त्यानं चावलं. ती रक्त पुसत राहिली पण हात हलवला नाही. न्हाणीच्या तट्ट्यामागं ती एकटी असायची तेव्हा मात्र मी पाहिलंय. भिंतीकडं तोंड करून ती मान ताणायची आणि आपल्या हातावर तळवा फिरवत खांद्यापर्यंत जायची, खाली यायची, परत जायची. तोंडात पदराचा बोळा. जे त्याला सांगायला पाहिजे ते ती भिंतीला सांगत होती. मला तिची कीव आली आणि तिला दगड मारावासाही वाटला. सुट्टी संपली तेव्हा सुगत एस.टी.त चढला आणि खिडकीत न बसता पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

पुढच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये सरांनी त्याला स्टेजवर उभं केलं. हात मागं बांधलेले. सरांनी स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि सुगत घशातून एक आवाज काढून म्हणाला, "आ...ई." टाळ्यांनी मंडप दणाणला. आई ढसाढसा रडली, गल्लीभर पेढे वाटले. आमच्या घरात कुणीच 'आई' म्हणत नाही, आम्ही माय म्हणतो. आणि तो शब्द म्हणताना सुगतचं लक्ष सरांच्या बोटाकडं होतं, आईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पण हे मी कुणाला सांगणार? पेढा मीही खाल्ला.

त्या एका शब्दापुढं सुगतची बोलण्यात फारशी प्रगती झाली नाही. पाणी, नमस्ते, भारत, बस. पण शाळेतली पोरं सरांची पाठ वळली की आपापसांत हातानं बोलत होती, आणि ती भाषा मोठी होती, तिच्यात शहरं होती, सिनेमे होते, भांडणं होती. सुगत तिच्यात पोहायला शिकला. आमच्या घरातली मांजराची आणि वासराची भाषा त्याला त्यापुढं लहान लेकराच्या झबल्यासारखी झाली असणार. तो मोठा झाला, लातूरला डाळ मिलमध्ये लागला. तिथल्या मशीनच्या आवाजानं बाकीच्या गड्यांचे कान बसतात. याला काही फरक पडत नाही म्हणून मालक याच्यावर खूश. त्याच शाळेतल्या रेणुकाशी त्याचं जमलं. तीही बहिरी.

लग्न लातूरला झालं. मंडपात त्यांचे दोस्त आलेले, सगळ्यांचे हात भरभर चाललेले, मध्येच सगळे एकदम हसायचे. आई नवी कोरी साडी नेसून खुर्चीत बसली होती आणि त्या हातांकडं बघत होती. तिला एक शब्द कळत नव्हता. जिनं पोराला पहिला शब्द हातानं शिकवला तीच त्या मंडपात बहिरी होती. तेवढ्यात शाळेतले नवे मास्तर, रामलिंग सर, पाया पडायला आले. आईनं विचारलं, "गुर्जी, ही लेकरं हातानं बोलायलेत. चालतंय का?"

"चालतं म्हणजे काय मावशी," ते हसत म्हणाले. "आता शाळेत आम्ही हातानंच शिकवतो. नवी पद्धत आली. ते तोंडानं बोलायला लावणं बंद केलं."

"मंग आदी?"

"आधीचं ते आधी. तेव्हा तसंच होतं." आणि ते जेवायच्या पंगतीकडं गेले.

आईनं पदर सावरला. मग ती उठली, स्टेजवर गेली. सुगतसमोर उभं राहून तिनं मान ताणली आणि तळवा त्याच्या मनगटाकडं नेला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. सुगतनं पटकन दोन्ही हात जोडून तिला जयभीम केला, पाहुण्याला करतात तसा, आणि फोटोवाल्याकडं वळला. फोटोत आई आहे, तिचा हात हवेत आहे.

मला राहवलं नाही. आमचं बोलणं फोनवर लिहूनच होतं. घरातल्या खुणा मी केल्या तर तो मान फिरवतो. मी त्याला लिहिलं: माय त्या सुट्टीत हातानं का बोलली नाही तुला माहीत आहे का? सरांनी तिला सांगितलं होतं. तुझ्या भल्यासाठी.

त्याचं उत्तर आलं: माहीत आहे. सरांनी सगळ्यांच्या आयांना सांगितलं. केरबाच्या आईनं ऐकलं नाही.

मी एक ओळ लिहून पुसली. त्याचंच परत आलं: तिनं बंद केलं. मी नाही.

हे मी आईला कधी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? वडील गेल्यावर ती एकटीच राहायची, मी दिवसाआड जाऊन यायचे. कोपऱ्यात मांजर दिसलं की ती नकळत गालावर बोटं फिरवायची आणि मी बघतेय हे दिसलं की चेहरा खाजवल्यासारखं करायची.

गेल्या वर्षी ती अंगणात पडली. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आम्ही तिला नांदेडला एका दवाखान्यात नेलं. तोंडातून नुसता लाळेचा आवाज यायचा, एक अक्षर उमटायचं नाही. डोकं मात्र शाबूत, डोळे जागे. आणि डावा हात सुरू. पहिल्याच दिवशी तो हात उठला आणि तिनं सुगतची खूण केली: कपाळावरचा भोवरा. मग ये. मग परत सुगत. मग परत ये. मी म्हटलं, "बोलावलंय, माय. यायलाय." पण ती थांबेना. हात सारखा चालू, त्यात नाकातली नळी ओढली गेली.

सुकन्या सिस्टर धावत आल्या. "आजी, लई हात हलवायलात तुम्ही," म्हणाल्या, आणि पट्टीनं तिचा डावा हात कॉटच्या दांडीला बांधून टाकला.

"सिस्टर, ती बोलायलीय," मी म्हणाले.

"हाव ना, सगळेच पेशंट बोलतेत," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या कॉटकडं गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं, नळी पुन्हा घालायची कोणी? मी हात सोडला की त्या येऊन बांधायच्या. बांधलेल्या हाताची बोटं तेवढी हलत राहायची. तोंडानं बोलणाऱ्या जगात आईचं तोंड बंद झालं होतं, आणि जी भाषा तिनं स्वतः मोडली तिच्यापलीकडं तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

सुगत तिसऱ्या दिवशी आला, रेणुकाला घेऊन. लातूरहून यायला तीन दिवस लागत नाहीत. त्यानं येताना सफरचंदं आणली होती. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. आईनं त्याला पाहिलं आणि बांधलेला हात इतक्या जोरात ओढला की कॉट हलली. मी पट्टी सोडली.

आधी तिनं डावा हात चादरीच्या आत लपवला, बाहेर काढला, परत लपवला. हात लपवले. मग स्वतःकडं बोट. मी. मी हात लपवले. मग तिनं मोठ्या कष्टानं हनुवटी वर केली, अर्धं तोंड लोंबतंय, गळ्याच्या शिरा ताठ झाल्यात. वासरू. डाव्या तळव्यानं आपला मेलेला उजवा हात मनगटापासून चाचपत ती वर गेली, कोपर ओलांडलं, खांद्यापर्यंत पोचली आणि तिथंच दम खात थांबली. मग तिनं तो तळवा सुगतकडं पसरला. त्याचा हात हवा होता तिला. त्याच्या हातावर कोपरापर्यंत आणि तिच्या स्वतःच्या हातावर खांद्यापर्यंत. तू रडलास, मी जास्त रडले. तेवढंच सांगायचं होतं. त्याच्या हाताशिवाय ते वाक्य पुरं होत नव्हतं.

सुगतनं खिशातून फोन काढला, त्यावर काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं. लिहिलं होतं: काय म्हणते?

वासराची खूण त्यानं काढलेली. त्यानंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याचा फोन बाजूला केला आणि तोंडानंच ओरडले, "तुला कळतंय, सुगत! हात दे तिला!" त्याला ऐकू कसं येणार? पण ओठ वाचायला शिकवण्यात शाळेनं चार-पाच वर्षं घालवली होती. ते त्याला आलं. त्याचा चेहरा लाल झाला. रेणुका काय चाललंय म्हणून एकदा त्याच्याकडं आणि एकदा आईकडं बघत होती.

आईचा तळवा पुढंच होता. सुगतनं त्याच्याकडं पाहिलं. आणि मग त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले, एकमेकांत घट्ट धरले आणि ताठ उभा राहिला. आरशासमोर सर उभं करायचे तसा.

मला सहन झालं नाही. मी माझी बाही वर सारली आणि माझा हात तिच्या तळव्याखाली धरला. घे, याच्यावर सांग. आईनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझा हात तिनं हळूच बाजूला केला. ते वाक्य माझ्या हातावर होणारं नव्हतं. ज्याचं त्याच्याच हातावर, हा तिचाच नेम. बस स्टँडवर तिला सरांचा नेम मोडता आला असता तर किती बरं झालं असतं.

तळवा आणखी थोडा वेळ पुढं राहिला. बोटं थकून वाकायला लागली. मग आईनं हात मागं घेतला आणि चादरीच्या आत नेला. पदराखाली न्यायची तसाच. त्यानंतर तिनं छताकडं बघितलं, आमच्यापैकी कुणाकडं नाही.

संध्याकाळी सिस्टर पट्टी घेऊन आल्या. चादर थोडी उचलून त्यांनी आत पाहिलं, हात पोटावर निपचित होता. त्यांचा चेहरा खुलला.

"आज लई शहाण्यासारखं करायलात की, आजी," त्या म्हणाल्या आणि पट्टी गुंडाळून परत खिशात घातली. "आता बांधायची गरज न्हाई."